चिखलदऱ्याला मी आधीच जाऊन आले होते

आधीच सांगते, मी या ग्रुपवर येते ती टाइमपास म्हणून. हिंजवडीच्या ऑफिसात दुपारच्या डब्यानंतर डोळ्यांवर झापड आली की तुमचे अनुभव उघडायचे, शेजारच्या मैत्रिणीला एखादा वाचून दाखवायचा आणि दोघींनी खिदळायचं... तेवढाच संबंध. माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. "एकदाच झालं, पुन्हा काही होत नाहीये" अशी तक्रार आली की आम्ही ती सरळ परत पाठवतो. लहानपणी हडपसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणी कोणी उतारा ठेवायचं. आई लांबूनच ओरडायची, आणि मी मुद्दाम तो ओलांडून शाळेत जायचे. काहीही झालं नाही कधी.

त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने यातलं अर्धंच ऐकून घेतलं आहे. कोणी नवऱ्याचा भाग ऐकतं आणि बाकीचं सोडून देतं, कोणी उलट. अनोळखी लोक तरी सगळं वाचतील असं वाटलं. नावं बदलली आहेत, ठिकाण नाही.

माझा नवरा निखिल. तोही आयटीतलाच, कोथरूडचा. आम्ही वाकडला राहायचो. मागच्या थंडीत माझ्या टीममधल्या एका मुलीचं अमरावतीला लग्न होतं. एवढ्या लांब जातोच आहोत तर पुढे चिखलदऱ्याला जाऊन येऊ, असं मी म्हटलं. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, मेळघाटच्या जंगलाला अगदी खेटून. मी कधी पाहिलं नव्हतं.

"चिखलदरा? तिथे काय आहे?" निखिल लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला.

"डोंगर आहेत, नॅशनल पार्क आहे. नशीब असेल तर वाघ."

"त्यापेक्षा महाबळेश्वरला जाऊ. जवळ पडेल."

"अमरावतीहून महाबळेश्वर जवळ?"

तो टाइप करत राहिला. मला वाटलं, सुट्टीचा प्रश्न असेल. मीच हॉटेल बुक केलं. लग्नघरातल्या एका मावशींनी सुचवलेलं, एक कुटुंब चालवतं ते छोटं हॉटेल. घरचं जेवण, समोर दरी.

लग्नानंतर आम्ही गाडी ठरवून निघालो. परतवाड्याच्या पुढे घाट लागला आणि हवा बदलली. काचा खाली केल्या तर नाक गार पडलं. दोन्ही बाजूंना साग, मधेच माकडांची टोळी रस्त्याच्या कठड्यावर बसलेली. मी लहान मुलीसारखी खिडकीतून बाहेर बघत होते. निखिल मात्र घाट लागल्यापासून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. हॉटेलच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तो एकदम म्हणाला, "इथे नको. दुसरं बघू."

"का? छान तर दिसतंय."

"मला नाही आवडलं."

"अजून उतरलोही नाही आपण, निखिल."

तेवढ्यात एक साठीच्या आसपासच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. हॉटेलच्या मालकीणबाई. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्या माझ्याकडे बघून थबकल्या आणि मग त्यांचा चेहरा असा काही फुलला... आपल्या माहेरच्या माणसाला बघून फुलतो तसा.

"अवो ताई! तुमी? या, या. मले वाटलं तुमी काई परत येत नाई इकडे. तब्येत चांगली दिसून रायली आता. अन् केस वाढवले वाटते?"

मी हसले. म्हटलं, "काकू, तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी पहिल्यांदाच येतेय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या खांद्यावरून मागे, बॅगा काढणाऱ्या निखिलकडे. पुन्हा माझ्याकडे.

"बरं बाप्पा," एवढंच म्हणून त्यांनी खोलीची किल्ली दिली.

आता यात काय? माणसाला माणूस सारखं दिसतं. मी निखिलला म्हटलंसुद्धा, "बघ, माझी डुप्लिकेट फिरतेय विदर्भात." तो हसला नाही. रेंज शोधायला म्हणून बाहेर गेला.

उन्हं कलली होती. मी दरीकडच्या ओट्यावर बसले होते. काकू कॉफी घेऊन आल्या. तिथे कॉफी पिकते, ही त्यांच्या परसातलीच होती. कप माझ्या हातात देऊन त्या शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेबांसमोर नाई बोलली मी. तुमाले वाईट वाटलं असन तर माफ करा. पण ताई, असं बाहेरच्यासारखं काऊन करता? इथंच बसून रडल्या होत्या ना तुमी, माह्या खांद्यावर?"

मी कप खाली ठेवला.

"कधी?"

"लय दिवस झाले आता. साहेब पुढं आले, तुमी पाठीमागून. साहेबानं खोली घेतली अन् मनते, नाश्ता एकट्याचाच पाठवा. मी मनलं काय माणूस हाय हा, बायको पाठीमागं उभी हाय न! मीच मग तुमाले पोहे देले. दोनदा मागून खाल्ले तुमी. अन् तो हिरवा ढगळा गाऊन, मागून नाड्यांचा. एवढ्या थंडीत तेवढ्यावरच. मी माही शाल देली तुमाले."

माझं डोकं अजून काम करत होतं. मी विचारलं, "मी का रडत होते, काकू?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरगी गेली मनत होत्या ना. पाचवा महिना होता मनत होत्या. जुई नाव ठेवणार होत्या."

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल.

या सहलीच्या बऱ्याच आधी मला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात एका सकाळी अचानक त्रास सुरू झाला. निखिल तेव्हा कंपनीच्या कामासाठी नागपूरला गेला होता. मी माहेरी होते, आईने हडपसरच्याच एका हॉस्पिटलमध्ये नेलं. काही वाचलं नाही. ताप चढला, त्यामुळे मला तिथे बरेच दिवस ठेवलं. निखिलचे फोन यायचे... सर्व्हर डाऊन आहे, क्लायंट डोक्यावर बसलाय, इथून हलताच येत नाहीये गं. एकदा फोनमागे पाखरांचा खूप आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाला, "ऑफिसबाहेर झाडं आहेत." मी त्यावरही विश्वास ठेवला. तो परत आला तेव्हा मी घरी येऊन बसले होते. त्याने डोक्यावरून हात फिरवला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला, आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. माणसं आपापल्या परीने दुःख करतात, असं मी स्वतःला समजावलं.

ती मुलगी होती हे मी नर्सला विचारून घेतलं होतं. आणि जुई हे नाव मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, निखिललाही नाही. कुठे लिहिलंही नव्हतं. ते फक्त मनात होतं.

आणि हो, हॉस्पिटलचा गाऊन हिरवा होता. माझे केस तेव्हा कापलेले होते.

मी काकूंना काही बोलले नाही. निखिललाही त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. खरं सांगू? मला वाटलं, त्याने इथे दुसरीला आणलं असेल, ती माझ्यासारखी दिसत असेल, आणि... पुढे मला जुळवताच येईना. दुसरी बाई असेल तर तिला माझी मुलगी कशी माहीत?

सकाळी जंगलात जायची जीप ठरवली होती, वैराट पॉइंटकडे जाणारी. जीपवाले दादा पन्नाशीचे, गळ्यात मफलर. मला बघून त्यांनी मान डोलावली आणि पुढचं दार उघडलं.

"ताई, आज समोर बसा. मागच्या टायमाले मागं बसून काई दिसलं नसन तुमाले."

निखिल मागे चढत होता, तो तसाच थांबला.

"मी मागे बसले होते?" मी विचारलं. या वेळी मुद्दाम निखिलकडे बघत.

"हो ना. अन् साहेब समोर. अख्ख्या फेरीत एक शब्द बोलले नाई तुमच्याशी. मी मनलं, नवरा-बायकोचं वाजलं असन. परत येताना लय गार लागत होतं, तं मी साहेबाले मनलं, ताईले तुमचं जर्किन तरी द्या." दादांनी मफलर सारखा केला. "साहेब मनते, कोणती ताई?"

निखिलचा चेहरा तेव्हा मी जसा पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. तो घाबरला होता हे खरं, पण आधी तो पकडला गेला होता. हा फरक मला आजही स्पष्ट आठवतो. पहिल्यांदा चोरी सापडल्याचा चेहरा, आणि त्यानंतर, काही क्षणांनी, भीती.

त्या फेरीत आम्हाला गवे दिसले, एक अस्वल दिसलं म्हणे. मला काही आठवत नाही. परतल्यावर मी दादांना देवी पॉइंटपाशी सोडायला सांगितलं. ऊन चढलं होतं, धुकं दरीतून वर निघून गेलं होतं, आणि दोन-चार कुटुंबं फोटो काढत होती. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो.

"तू इथे आला होतास," मी म्हटलं.

त्याने कठड्यावर हात टेकले. मग म्हणाला, "एकटा आलो होतो. शप्पथ. कोणी नव्हतं माझ्यासोबत."

"मी हॉस्पिटलमध्ये असताना."

"हो."

"सर्व्हर?"

"ते काम आधीच संपलं होतं. तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी परत यायला निघालोच होतो, प्राची. बॅग भरलेली होती. पण स्टेशनवर गेलो आणि... नाही जमलं. एक टॅक्सी केली, इकडे आलो."

"काय नाही जमलं?"

"ते सगळं बघायला. तुला तसं बघायला."

"मला तसं असायला जमणार होतं का, हे विचारलं होतंस कोणाला?"

तो इतक्या साधेपणाने म्हणाला की त्याला कळलंही नसेल काय बोलतोय ते, "मला वाटलं, मी येईपर्यंत सगळं आटपलेलं असेल."

आमच्या शेजारी एक बाई आपल्या मुलाला "कठड्याला टेकू नको रे" म्हणून ओरडत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण निखिलकडे बघवत नव्हतं.

"तुझ्या आईला माहीत होतं तू इथे आहेस ते?"

"हो... तीच म्हणाली, दोन दिवस शांत राहा, मग ये."

म्हणजे सासूबाई हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन यायच्या, माझ्या उशाशी बसून "बिचारा तिकडे किती राबतोय" म्हणायच्या, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

"मग जुई कोण आहे हे काकूंना कोणी सांगितलं?" मी विचारलं. मला खरंच एकदा तपासायचं होतं. झोपेत बोलले असेन मी, त्याने ऐकलं असेल, इथे येऊन काकूंसमोर बोलला असेल... काहीही.

निखिलने माझ्याकडे बघितलं. "कोण जुई?"

त्याचा चेहरा कोरा होता. त्या माणसाला खोटं बोलायला जागाही तिथे उरली नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

आम्ही त्याच दुपारी निघालो. निघताना काकूंनी माझा हात धरला. "ताई, मी काई चुकीचं बोलली का?"

"नाही काकू. तुम्ही बोललात म्हणून कळलं तरी."

बडनेरा स्टेशनपर्यंत टॅक्सीने आलो आणि तिथून रेल्वे धरली. पुण्यात उतरल्यावर तो वाकडला गेला, मी हडपसरला.

यानंतरचं थोडक्यात सांगते. सासूबाईंना मी फोन करून सरळ विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो येऊन काय करणार होता? सलाइन लावणार होता की काय?" मी म्हटलं, "नाही, माझा हात धरला असता." त्या म्हणाल्या, "त्यासाठी तुझी आई होती ना." आणि फोन ठेवला. कोथरूडच्या त्या घरात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही.

आईला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. निखिलचं ऐकून ती त्याला फोन लावायला उठली. काकूंचं ऐकून मात्र पुन्हा खाली बसली. मी विचारलं, "आई, त्या दिवसांत मी कधी उठून कुठे गेले होते का? तापात काही कळलं नसेल मला..."

"कुठं जातीस? हितंच हुतीस तू. रातंदिस माझ्या हातात हात हुता तुझा." मग म्हणाली, "पर एक दिस लई येगळी हुतीस. डोळं उघडं, अन् हाक मारली तरी वळखंना. डॉक्टरीण म्हणाली, तापामुळं हाय. मी पाणी पाजलं ते वठातनं भाईर आलं. तवा मला वाटलं, ही आता हितं न्हाई."

मी टेस्टर आहे. मला हे असंच सोडता येईना. घरी आल्यावर मी काकूंना माझा आणि माझ्या दोन चुलत बहिणींचा एक जुना फोटो पाठवला. आम्ही तिघी सारख्याच दिसतो, लहानपणी शाळेतल्या बाईसुद्धा चुकायच्या. काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, आधीच्या खेपेला गाऊनवर आलेली यातली कोणती? त्यांनी लगेच मला ओळखलं. जीपवाल्या दादांना त्यांनी फोटो दाखवला, त्यांनीही. काकूंचं आणि दादांचं आपसात ठरलं असेल म्हणावं तर कशासाठी? माझ्याकडून त्यांना काय मिळणार? आणि नाव? माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, तूच पहिल्या दिवशी ओट्यावर बोलता बोलता जुई म्हणाली असशील, आणि मग मनाने क्रम उलटा केला. असेल. माणसाचं मन काहीही करतं हे मला मान्य आहे. पण ती शाल, तो गाऊन, जीपमध्ये मागच्या सीटवर थंडीत बसलेली ती... आणि ताईला जर्किन द्या हे दादांचं बोलणं, जे निखिललाही आठवत होतं. त्याने नंतर ते कबूल केलं. दादा तसं म्हणाले होते, त्याने ते विनोद म्हणून सोडून दिलं होतं.

मला याचा उलगडा आजही झालेला नाही. होईल असं वाटतही नाही. पण ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त लागलं ती इथे कोणाशीतरी बोलायची होती म्हणून एवढं लिहिलं.

निखिलने मला फसवलं हे मला समजतं. वाईट आहे, पण समजतं. घाबरट माणसं अशीच वागतात, आणि त्यांच्या आया त्यांना पदराखाली घेतात. मला समजत नाही ती चिखलदऱ्याला गेलेली बाई. मी तिकडे पलंगावर पडून होते, माझ्या पोटात कळा येत होत्या, माझी आई माझा हात धरून बसली होती. आणि तेव्हा ती, जी कोणी होती ती, मला तिथे टाकून त्याच्या मागे मागे गेली. ज्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, त्याच्या मागे. गाऊनवर, थंडीत. जुईचं नाव मी माझ्यापाशी जपून ठेवलं होतं, तेही ती एका परक्या बाईला देऊन आली. तिला कोणी विचारलं होतं?

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला बोलवाय गेली असंल बाय." मला ते पटत नाही. मी बोलावलं असतं तर फोनवर बोलावलं असतं.

आता आमचं वेगळं होण्याचं काम चालू आहे. मागच्या महिन्यात कोर्टाच्या समुपदेशक बाईंसमोर आम्हाला बसवलं होतं. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, आम्ही नेहमीची उत्तरं दिली. चिखलदऱ्याचं दोघांपैकी कोणीच काढलं नाही. बाहेर आल्यावर शिवाजीनगरच्या त्या गर्दीत रिक्षा मिळेना, म्हणून दोघंही एकाच झाडाखाली उभे राहिलो. निखिल खूप वाळला आहे. शेवटी समोर रिक्षा आली, मी पाय आत टाकला, तेव्हा त्याने दांडीला हात लावून विचारलं,

"प्राची... ती माझ्यावर चिडली होती का गं? की मला न्यायला आली होती?"

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते."